‘नॉव्हेल’ : एका शब्दाची अर्थपरंपरा आणि तिचे भारतीय पर्याय

भारतीय साहित्यांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्याला काही इंग्रजी शब्दांवाचून पाऊल टाकता येत नाही. ‘नॉव्हेल’ हा त्यांपैकी सर्वांत परिचित आणि म्हणूनच सर्वांत फसवा शब्द होय. साहित्य अकादमीच्या इंग्रजी पुरस्कारसूचीत मराठी कादंबरी, हिंदी उपन्यास, गुजराती नवलकथा आणि मलयाळम नोवल या सर्वांपुढे हा एकच शब्द छापलेला आढळतो. सूचीच्या सोयीसाठी ते युक्तच आहे. परंतु या सोयीचे पुढे गृहीतकात रूपांतर होते. इंग्रजीत एक सुनिश्चित वस्तू होती, तिचे एक सुनिश्चित नाव होते आणि भारतीय भाषांनी त्या नावाचे आपापल्या परीने भाषांतर केले, असे मानले जाऊ लागते. हे गृहीतक दोन्ही बाजूंनी सदोष आहे. इंग्रजी शब्दाचा अर्थ तो भारतात येईपर्यंत पुष्कळदा पालटला होता; आणि भारतीय भाषांनी त्याचे भाषांतर करण्याऐवजी त्याच्या निरनिराळ्या अर्थांतून निवड केली. या निवडीचे स्वरूप आणि तिचे वाङ्मयेतिहासावर झालेले परिणाम यांचा विचार येथे करावयाचा आहे.

१

शब्दाचे मूळ लॅटिन ‘नोवुस’ म्हणजे ‘नवा’ हे आहे. संस्कृत ‘नव’, ग्रीक ‘नेओस’, जर्मन ‘नॉय’ हे त्याचे सगोत्र. इंग्रजीतील ‘न्यू’ हाही त्याच कुळातला; मात्र ‘न्यू’ हा त्या भाषेला जर्मानिक वारशाने मिळाला आणि ‘नॉव्हेल’ हा फ्रेंच व इटालियन यांच्या मध्यस्थीने लॅटिनमधून आला. एकाच मूळ शब्दाची एक शाखा घरची आणि दुसरी पाहुणी, अशी ही स्थिती आहे.

‘नोवुस’ला लघुत्ववाचक प्रत्यय लागून ‘नोवेल्लुस’ हे रूप सिद्ध झाले. त्याचा वापर प्रथम शेतीवाडीच्या परिसरात आढळतो: कोवळा वेल, नवे रोप, नुकतेच जन्मलेले जनावर. कोवळेपण आणि लहानपण या दोन्ही छटा त्यात आहेत. पुढे सहाव्या शतकात हाच शब्द कायद्याच्या क्षेत्रात शिरला. सम्राट जस्टिनियनच्या विधिसंहितेची सुधारलेली आवृत्ती ५३४ साली निघाली. त्यानंतर ५६५ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत जे नवे कायदे झाले, त्यांना ‘नोवेल्ले’ म्हणजे ‘नव्या आज्ञा’ असे नाव मिळाले. इंग्रजी विधिग्रंथांत त्यांना आजही ‘नॉव्हेल्स’च म्हणतात. रोमन कायद्याच्या ग्रंथात हा शब्द पाहून साहित्याच्या विद्यार्थ्याने गोंधळून जाण्याचे कारण नाही. तेथील उपयोग कथेहून कित्येक शतकांनी जुना आहे.

कथेशी या शब्दाचे नाते जोडले ते इटालियन भाषेने. ‘नोवेल्ला’ म्हणजे नवी वार्ता, ताजी हकीकत. आणि त्यावरून थोडक्यात सांगितलेली, नुकतीच घडल्यासारखी वाटणारी गोष्ट. चौदाव्या शतकाच्या मध्यावर बोकाच्चोने ‘देकामेरोन’मध्ये ज्या शंभर गोष्टी एकत्र गुंफल्या, त्या याच प्रकारच्या होत. फ्रेंचमधील ‘नुव्हेल’ या शब्दाने तर बातमी आणि लघुकथा हे दोन्ही अर्थ आजवर सांभाळले आहेत. वार्ता आणि कथा यांच्यातील सीमारेषा किती पुसट असते, याची साक्ष हा एक शब्दच देतो.

इंग्रजीतही आरंभी हेच घडले. त्या भाषेत ‘नॉव्हेल’ हा शब्द नाम म्हणून प्रथम नवलाईची गोष्ट आणि बातमी या अर्थांनी रूढ होता. १५६६ साली विल्यम पेंटरने ‘द पॅलेस ऑफ प्लेझर’ हा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा इटालियन धर्तीच्या छोट्या गोष्टींना उद्देशून त्याने हा शब्द योजला. ‘नॉव्हेलिस्ट’ या शब्दाचा प्रवास याहून मनोरंजक आहे. प्रारंभी त्याचा अर्थ नवमतवादी, रूढी मोडू पाहणारा असा होता. पुढे बातम्या गोळा करणारा असा झाला. आणि कथालेखक हा अर्थ अठराव्या शतकात स्थिरावला. नवेपणाविषयीचा जुन्या समाजाचा संशयही या शब्दकुळाला चिकटून होता. लॅटिनमध्ये ‘नव्या गोष्टी’ या शब्दप्रयोगाचा अर्थ राज्यक्रांती असाच होत असे.

२

इंग्रजीत दीर्घ गद्यकथेचे प्रस्थापित नाव ‘रोमान्स’ हे होते. त्याचे मूळ वेगळे. लॅटिनऐवजी लोकभाषेत रचलेले ते ‘रोमान्स’, असा त्याचा फ्रेंचमधील पहिला अर्थ. म्हणजे भाषेच्या नावावरून वाङ्मयप्रकाराचे नाव पडले. शूर सरदार, अप्राप्य नायिका, दूरचे देश आणि अद्भुत घटना ही त्याची सामग्री. विल्यम कॉन्ग्रीव्हने १६९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन्कॉग्निटा’च्या प्रस्तावनेत या दोहोंतील भेद स्पष्ट केला: रोमान्स उदात्त आणि अशक्यप्राय गोष्टींनी वाचकाला चकित करतो, तर नॉव्हेल त्याच्या ओळखीच्या जगाजवळ राहून त्याचे रंजन करते. १७८५ साली क्लारा रीव्हने ‘द प्रोग्रेस ऑफ रोमान्स’मध्ये हाच भेद अधिक व्यवस्थितपणे मांडला.

तथापि, नाव आणि वस्तू यांची गाठ पडायला बराच काळ लागला. ज्यांना आज इंग्रजी कादंबरीचे आद्य प्रवर्तक म्हटले जाते, त्यांनी आपल्या मुख्य कृतींना हे नाव दिलेले नाही. डीफोने १७१९ साली रॉबिन्सन क्रूसोचे ‘जीवन आणि साहसे’ लिहिली. रिचर्डसनने क्लारिसाचा आणि फील्डिंगने १७४९ साली टॉम जोन्सचा ‘इतिहास’ सांगितला. त्याआधी १७४२ साली ‘जोसेफ अँड्र्यूज’च्या प्रस्तावनेत फील्डिंगने आपल्या रचनेला गद्यातील विनोदी महाकाव्य ठरवले होते. १७५५ साली डॉ. जॉन्सनने आपल्या कोशात ‘नॉव्हेल’चा अर्थ दिला तो छोटी, बहुधा प्रेमविषयक गोष्ट असा. म्हणजे आज ज्या ग्रंथांवरून या वाङ्मयप्रकाराची व्याख्या केली जाते, ते ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतरही कोशकाराच्या दृष्टीने या शब्दाचा त्यांच्याशी संबंध नव्हता. इयन वॉटने १९५७ सालच्या ‘द राइज ऑफ द नॉव्हेल’ या ग्रंथात, हे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीसच पूर्णपणे स्थिर झाले, असे नोंदवले आहे.

युरोपातील अन्य भाषांनी तर हा मार्ग स्वीकारलाच नाही. फ्रेंच आणि जर्मन भाषांत दीर्घ कथेला ‘रोमां’ किंवा ‘रोमान’ म्हणतात; ‘नुव्हेल’ आणि ‘नोव्हेल्ले’ ही नावे आटोपशीर कथेसाठी राखलेली आहेत. स्पॅनिशमध्ये ‘नोवेला’ हा शब्द इंग्रजीप्रमाणेच दीर्घ कथेकडे सरकला. परंतु सर्व्हान्टेसने १६१३ साली ‘नोवेलास एहेम्प्लारेस’ प्रसिद्ध केल्या तेव्हा त्याचा आशय छोट्या गोष्टी असाच होता. पोर्तुगीजमध्ये दीर्घ कथा म्हणजे ‘रोमान्स’. म्हणून गोव्याचे फ्रान्सिस्कु लुईश गोमिश यांनी १८६६ साली लिहिलेली ‘उश ब्राह्मानिश’ ही पोर्तुगीज कृती तिच्या भाषेच्या परिभाषेत रोमान्स ठरते, इंग्रजी अनुवादात नॉव्हेल ठरते आणि मराठी किंवा कोंकणी लेखात कादंबरी ठरते. वस्तू एक, पण तिला पाहण्याची तीन दालने. प्रत्येक दालनातून तिच्याविषयीची अपेक्षा वेगळी.

३

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला भारतीय लेखकांसमोर हा शब्द आला, तो असा अनेक थरांचा होता: नवेपणा, वार्ता, लहान गोष्ट, ओळखीच्या जगाचे चित्रण आणि रोमान्सचा प्रतिपक्ष. त्यातच भारतात सर्वाधिक वाचले जाणारे इंग्रजी लेखक स्कॉट आणि रेनल्ड्स हे होते. त्यांच्या कृतींत रोमान्सचा अंश भरपूर होता. नाव नॉव्हेलचे आणि रुची रोमान्सची, अशा स्थितीत या वाङ्मयप्रकाराचे येथे आगमन झाले. भारतीय पर्यायांचे वैविध्य या पार्श्वभूमीवर समजून घेतले पाहिजे. स्थूलमानाने त्यांचे चार वर्ग करता येतात.

पहिला वर्ग ध्वनी उचलणाऱ्या भाषांचा. उर्दू, पंजाबी, सिंधी आणि मलयाळम यांनी मूळ शब्दच ठेवला. दुसरा वर्ग ध्वनी आणि अर्थ या दोहोंना एकत्र साधणाऱ्या भाषांचा. गुजरातीतील ‘नवलकथा’ आणि तेलुगूतील ‘नवल’ हे शब्द ऐकताना इंग्रजीचा प्रतिध्वनी उमटतो आणि त्याच वेळी ‘नव’ हा देशी धातूही जागा होतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता हा केवळ श्लेष नाही. दोन सगोत्र शब्दांची दीर्घ वियोगानंतर पडलेली ती गाठ आहे. गुजरातीने तर लघुकथेला ‘नवलिका’ म्हणून इटालियन नोवेल्लाची लघुत्वाची छटाही नकळत परत आणली. तिसरा वर्ग केवळ अर्थाला धरून नवा शब्द घडवणाऱ्यांचा. तमिळमध्ये ‘नावल’ हा उसना शब्द चालतो. पण तेथे त्याच रूपाचा एक देशी शब्द आधीच होता आणि त्याचा अर्थ जांभळाचे झाड असा आहे. त्याला पर्याय म्हणून ‘पुदु’ म्हणजे नवा यावरून साधलेला ‘पुदिनम्’ हा शब्दही वापरला जातो. श्रीलंकेच्या तमिळमध्ये या ‘पुदिनम्’चा अर्थ बातमी असा होतो. फ्रेंच ‘नुव्हेल’ने ज्या दोन अर्थांना एकत्र धरले, ते तमिळमध्ये समुद्राच्या दोन काठांवर विभागले गेले.

चौथा वर्ग संस्कृत परंपरेतून तयार शब्द घेणाऱ्यांचा. यात बंगाली, हिंदी, ओडिया, असमिया आणि नेपाळी यांचा ‘उपन्यास’ आणि मराठी, कन्नड, कोंकणी यांची ‘कादंबरी’ असे दोन पोटभेद पडतात. येथे विचाराला खरी चालना मिळते.

४

संस्कृतात ‘उपन्यास’ म्हणजे जवळ ठेवणे. त्यावरून मांडणे, प्रतिपादन करणे, बोलण्यास प्रारंभ करणे. नाट्यशास्त्रात प्रतिमुख संधीच्या अंगांपैकी एकाचे हे नाव आहे. कथा हा अर्थ त्यात मुळात नाही. दक्षिणेकडील भाषांनी प्रतिपादनाचा अर्थ कायम ठेवला: तेलुगू आणि कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान, तमिळमध्ये धार्मिक प्रवचन, मलयाळममध्ये निबंध. एखाद्या विद्वानाने ‘उपन्यास’ केला असे कन्नड वृत्तपत्रात वाचून हिंदी वाचकाने ग्रंथालयात त्याची कादंबरी शोधू नये, हे सांगण्याची गरज पडते ती यामुळे.

बंगालीत या शब्दाला कथेचा अर्थ चिकटला. भूदेव मुखोपाध्याय यांच्या १८५७ सालच्या ग्रंथाचे नाव ‘ऐतिहासिक उपन्यास’ असे आहे. त्यातील ‘अंगुरीय विनिमय’ ही कथा शिवाजी महाराज आणि औरंगजेबाची कन्या रोशिनारा यांच्याविषयी आहे आणि तिचा आधार कॉन्टर या इंग्रज लेखकाच्या ‘रोमान्स ऑफ हिस्टरी’ या मालेतील पुस्तकात सापडतो. म्हणजे बंगालीत ‘उपन्यास’ या नावाने प्रथम वावरली ती वस्तू युरोपीय परिभाषेत रोमान्सच होती. १८६५ साली बंकिमचंद्रांच्या ‘दुर्गेशनंदिनी’ने या नावाला प्रतिष्ठा दिली.

त्याच १८५७ साली मराठीत बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. त्याच्या नावात ‘कादंबरी’ हा शब्द नाही. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण, असे त्याचे उपशीर्षक आहे. भोवतालच्या समाजाकडे रोखून पाहणारी ही कृती कॉन्ग्रीव्हच्या अर्थाने नॉव्हेलच्या अधिक जवळ होती. एकाच वर्षी बंगालीत नाव आले ते रोमान्सच्या गळ्यात पडले आणि मराठीत ओळखीच्या जगाची कथा आली ती निनावी राहिली. नाव आणि वस्तू यांची चुकामूक केवळ इंग्रजीत घडली नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मराठीने पुढे स्वीकारलेले ‘कादंबरी’ हे नाव सर्व पर्यायांत निराळे आहे. ते एका ग्रंथाचे, किंबहुना त्या ग्रंथाच्या नायिकेचे विशेषनाम आहे. सातव्या शतकात हर्षाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’ रचली, ती अपुरी राहिली आणि त्याच्या पुत्राने पुरी केली. संस्कृत साहित्यशास्त्राला ‘कथा’ आणि ‘आख्यायिका’ ही सामान्यनामे ठाऊक होती. भामहाने त्यांत भेद केला, दंडीने तो अमान्य केला. ‘हर्षचरित’ ही आख्यायिका आणि ‘कादंबरी’ ही कथा, असे मानण्याचा प्रघात आहे. ही शास्त्रीय नामे बाजूला ठेवून मराठीने विशेषनामाचे सामान्यनाम केले. असे नाव देण्यात एक आदर्शही सुचवला जातो. गंधर्वलोक, शाप, पुनर्जन्म, अलंकारप्रचुर गद्य आणि विरहव्याकुळ प्रेम या अपेक्षा नावाबरोबर आल्या.

लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कृती या अपेक्षांशी सुसंगत आहेत. रिसबूडांनी तर प्रस्तावनेत अद्भुताचे समर्थन केले. हिंदूंच्या विवाहपद्धतीमुळे व अन्य कारणांमुळे आपल्या रोजच्या जीवनात कथेला पुरेल असे चित्तवेधक गुण वा दोष आढळत नाहीत. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुताचाच आश्रय करावा लागतो, असा त्यांचा आशय आहे. हा युक्तिवाद केवळ नावातून उपजला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यामागे समाजस्थितीचे वास्तव आहे. पण ‘कादंबरी’ या नावाने त्या युक्तिवादाला आसरा दिला, हे नाकारता येत नाही.

याच्या नेमके विरुद्ध टोक केरळात दिसते. ओ. चंदु मेनोन यांनी १८८९ साली ‘इंदुलेखा’ लिहिली, तेव्हा ती इंग्रजी नोवलच्या रीतीने लिहिलेली कथा आहे असे मुखपृष्ठावरच नमूद केले. अद्भुतावाचून घरगुती गोष्टींत रस कसा वाटेल, हाच आक्षेप त्यांच्याही पुढे होता. त्याला उत्तर देताना त्यांनी युरोपीय तैलचित्रांचा दाखला दिला: खऱ्यासारखी दिसणारी चित्रे पाहून ज्यांना आनंद होऊ लागला, त्यांना खऱ्यासारख्या कथांतही रस वाटेल. आक्षेप एकच, एकाने तो मान्य केला, दुसऱ्याने खोडला. ज्याने खोडला त्याने परके नाव जाणूनबुजून ठेवले, कारण त्या परकेपणातच त्याला अभिप्रेत असलेले नवेपण होते.

मराठीतही हा पर्याय काही काळ खुला होता. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा १८७२ सालचा निबंध ‘नावल व नाटक’ यांविषयी आहे. तीस वर्षांनी, १९०२ साली, इतिहासाचार्य राजवाडे यांनी याच विषयावर लिहिलेल्या निबंधाचे नाव ‘कादंबरी’ असे आहे. या तीस वर्षांत नावाचा निकाल लागला. पण त्याच काळात वस्तूही बदलली होती. हरिभाऊ आपटे यांनी आपल्या सामाजिक कृतींना ‘आजकालच्या गोष्टी’ हे समाईक शीर्षक दिले. युरोपीय शब्दाच्या अर्थपरंपरेकडे पाहिले असता हे शीर्षक विलक्षण अन्वर्थक ठरते: नोवेल्लाचा ताजेपणा, बातमीचे समकालीनत्व, ओळखीचे जग, हे सारे त्या दोन साध्या मराठी शब्दांत आले आहे. ‘नॉव्हेल’चे सर्वांत अचूक मराठी रूप बहुधा हेच, परंतु ते वाङ्मयप्रकाराचे नाव झाले नाही. बाणाचे नाव टिकले आणि हरिभाऊंनी त्याच्या आत नवा आशय भरला. त्यामुळेच आज ‘वास्तववादी कादंबरी’ या शब्दप्रयोगातील मूळचा विरोध कोणाला जाणवत नाही.

५

हा सारा विचार केवळ शब्दकौतुकाचा नाही. ‘पहिली कादंबरी कोणती?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक भारतीय भाषेच्या इतिहासात वादग्रस्त आहे आणि त्या वादांच्या मुळाशी पुष्कळदा नावच असते. हिंदीत दीर्घकाळ हा मान लाला श्रीनिवासदास यांच्या ‘परीक्षागुरु’ला (१८८२) दिला गेला, पण पंडित गौरीदत्त यांची ‘देवरानी जेठानी की कहानी’ १८७० सालीच निघाली होती. तिच्या नावात ‘कहानी’ हा शब्द होता. बंगालीत हॅना कॅथरिन म्युलेन्स यांचे ‘फुलमणि ओ करुणार विवरण’ (१८५२) हे प्यारीचाँद मित्र यांच्या ‘आलालेर घरेर दुलाल’च्या (१८५८) आधीचे, पण त्याने स्वतःला ‘विवरण’ म्हटले. मराठीतील ‘यमुनापर्यटन’ ‘निरूपण’ म्हणवते. तमिळमधील वेदनायकम् पिळ्ळै यांची कृती (१८७९) आणि तेलुगूतील वीरेशलिंगम् यांची कृती (ग्रंथरूपाने १८८०) या ‘चरित्र’ म्हणवतात.

या स्वनामांना अपरिपक्वतेची खूण समजून त्या कृतींना पूर्वतयारीच्या दालनात ढकलण्याची प्रवृत्ती इतिहासकारांत दिसते. परंतु फील्डिंगचा टॉम जोन्सही ‘हिस्टरी’च होता आणि त्यामुळे त्याचे स्थान कोणी कमी केले नाही. ज्या कसोटीवर इंग्रजीतील आद्य कृतीही उतरत नाहीत, ती कसोटी भारतीय कृतींना लावणे हा अन्याय आहे. त्याचा फटका विशेषतः कोणाला बसतो हेही लक्षात घ्यावे: स्त्रीशिक्षणासाठी लिहिलेल्या गोष्टी, धर्मप्रचारकांची निरूपणे आणि स्त्रियांनी लिहिलेली विवरणे यांना. ही पुस्तके ज्या प्रश्नांतून जन्मली, त्याच प्रश्नांतून पुढची ‘खरी’ कादंबरीही जन्मली.

अनुवादकालाही ही सावधगिरी आवश्यक आहे. गुजराती ‘नवलकथा’ मराठीत तशीच ठेवली तर वाचकाला ती साहसाची वा चमत्काराची गोष्ट वाटेल. कारण मराठीत ‘नवल’ म्हणजे आश्चर्य. ‘नवलिका’ म्हणजे लघुकादंबरी नव्हे, लघुकथा. आणि जर्मन ‘नोव्हेल्ले’ला कथा म्हणावे की दीर्घकथा, याचा निर्णय पृष्ठसंख्येवरून होत नाही.

इंग्रजी शब्दही अद्याप स्थिर झालेला नाही. २०२० साली महामारीच्या बातम्यांत एका नव्या विषाणूच्या नावामागे हाच शब्द विशेषण म्हणून आला, तेव्हा जगभरच्या वाचकांना ‘नवा’ हा त्याचा मूळ अर्थ पुन्हा भेटला. बोकाच्चोच्या गोष्टी सांगणारी मंडळीही महामारीपासूनच दूर पळालेली होती. चित्रकथांनाही आता त्याच शब्दाचा आधार घ्यावासा वाटतो. तात्पर्य, ‘नॉव्हेल’ हे एका तयार वस्तूचे नाव नसून, नवेपणाविषयी एका संस्कृतीने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांची ती नोंद आहे. कादंबरी, उपन्यास, नवलकथा, पुदिनम् आणि नोवल ही त्याच प्रश्नाची भारतीय उत्तरे होत. तौलनिक अभ्यासकाने ती एका इंग्रजी मथळ्याखाली मांडण्यास हरकत नाही. मात्र मथळा लिहून झाल्यावर प्रत्येक उत्तर त्या त्या भाषेत पुन्हा वाचण्याचे कष्ट त्याने टाळू नयेत.